वाफसा आहे तोवर

आमच्या घरात दर वर्षी दिवाळीच्या आधी एक वाक्य ठरलेलं असायचं. "यंदा नको, पुढल्या वर्षी बघू." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या थोरल्याचं लग्न व्हायचं होतं. आज त्याची मुलगी नववीत आहे. मधल्या काळात विहीर खोल झाली, लिंबाच्या बागेला ठिबक आलं, दोन्ही मुलांची लग्नं झाली, पत्रे जाऊन स्लॅब पडला. पुढल्या वर्षावर टाकलेलं एकेक काम होत गेलं. समुद्र तेवढा राहिला.

समुद्र बघायची माझी हौस शाळेपासूनची. भूगोल शिकवताना गुरुजी म्हणाले होते की समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही. मला ते पटेना. आमच्या गिरणेला कितीही पूर आला तरी पलीकडची बाभळीची झाडं दिसतात. लग्नानंतर एकदा नांदगावकडे जाताना गिरणा धरण पाहिलं. एवढं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं, पण तिथंही पाण्यामागं डोंगर उभे होतेच. पाणी आहे आणि पलीकडं काहीच नाही, हे एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा.

आम्ही अगदीच घरकोंबडे आहोत असं नाही. पंढरपूर झालं, शेगाव झालं, वणीची सप्तशृंगी तर तीनदा झाली. एरंडोलजवळच्या पद्मालयाला वर्षातून एखादी फेरी असते. पण ते देवाचं बोलावणं. देवाला नाही म्हणता येत नाही, म्हणून शेतही रजा देतं. नुसतं हिंडायला, नुसतं बघायला जायचं म्हटलं की शेत आडवं येतं. आणि शेत आडवं आलं नाही, तर आपलंच मन आडवं येतं. रिकाम्या हातानं, कारण नसताना, दोघांनी मिळून कुठं जायचं असतं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

आमच्या जेठांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. जेठ आणि जाऊबाई, म्हणजे आमच्या जिजी, यांचंही असंच एक पुढलं वर्ष होतं. जेठांना रामेश्वरला जायचं होतं. दोनदा पैसे बाजूला काढले, दोनदा ते ट्रॅक्टरच्या हप्त्यात गेले. तिसऱ्यांदा सगळं जमलं होतं, आणि त्या पोळ्याच्या आठवड्यात जेठांना अर्धांगवायू झाला. तेव्हापासून खाटेवर आहेत. डावा हात, डावा पाय हलत नाही. जिजी त्यांना उठवतात, बसवतात, भरवतात. तक्रार नाही. एकदा फक्त पापड लाटता लाटता मला म्हणाल्या, "आम्हनं पुढलं वरीस उनंच नही, माय."

घरात आम्ही अहिराणी बोलतो. त्या बोलीत हे वाक्य जसं लागतं तसं मला इथं लिहिता येणार नाही. मी लाटणं खाली ठेवलं आणि उगाच पाणी प्यायला उठले.

गेल्या आषाढातली गोष्ट. चार दिवस लागून राहिलेला पाऊस उघडला होता. आबा, म्हणजे आमचे मालक (नातवंडांमुळं आता सगळं घर त्यांना आबा म्हणतं, मीही इथं तसंच लिहिते), सकाळी शेतात जाऊन मातीची मूठ दाबून बघून आले आणि अंगणातूनच थोरल्याला ओरडले, "ऊठ, वाफसा आला आहे. आज कोळपणी झाली तर झाली. वाफसा कुणासाठी थांबत नसतो."

वाचकांना वाफसा काय ते सांगायला नको. चिखल असताना जमिनीत पाय घालता येत नाही, आणि फार वाळली तर औत चालत नाही. मधले दोन-चार दिवस काय ते आपले. त्या दिवसांत जो हलला नाही, तो मग आभाळाकडं बघत बसतो.

रात्री जेवण झाल्यावर मी आबांना म्हटलं, "सकाळी तुम्ही बोललात ते मला फार पटलं." त्यांना वाटलं मी कोळपणीचं म्हणते. मी म्हटलं, "तुम्ही अडुसष्ट वर्षांचे, मी त्रेसष्टची. तुम्ही रोज शेतावर चालत जाता, चालत येता. मी अजून सुनेच्या बरोबरीनं कापूस वेचते. गुडघे दुखतात, पण ऐकतात. आधीची तीस वर्षं आपल्या जमिनीत चिखल होता, पोरं लहान, कर्ज, सासूबाईंचं आजारपण. पुढं कधीतरी ती वाळणार आहे. हा मधला वाफसा आहे. यात समुद्र बघून झाला तर झाला."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुठं जायचं म्हणतेस?"

बावीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. मी तो हातातून जाऊ दिला नाही.

कधी जायचं

नोकरदार माणूस रजेचा अर्ज देतो आणि निघतो. आपल्याला तीन ठिकाणी अर्ज द्यावा लागतो, शेताला, आभाळाला आणि जिथं जायचं त्या समुद्राला. तिघांची एकदम मंजुरी मिळेल असे दिवस शोधायला आम्ही दिनदर्शिका घेऊन बसलो.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला. मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, त्या सप्टेंबरात सुरू होतात. मग पोळा, गणपती, पितृपक्ष, नवरात्र. दिवाळीनंतर आपली गहू-हरभऱ्याची पेरणी आणि कापसाची खरी वेचणी. शिवाय भाऊबीज झाली की अर्धी मुंबई-पुणे कोकणात उतरते, खोल्यांचे दर चढतात, ज्येष्ठ माणसाला गर्दीत उभं राहावं लागतं. एप्रिल-मेच्या उकाड्याचं तर नावच नको.

उरले ते कोजागरीपासून वसुबारसेपर्यंतचे बारा दिवस. आश्विन वद्य प्रतिपदा ते द्वादशी. मका घरात आलेला असतो, दादर उगवून वर आलेली असते, रब्बीला अवकाश असतो. कोकणात भातकापणी चाललेली, पाऊस सरत आलेला, गर्दी नसलेली. अडचण एकच, कापसाची पहिली वेचणी नेमकी याच दिवसांत येते. पण शेतकऱ्याच्या वर्षात अडचण नसलेले बारा दिवस शोधत बसलं तर माणूस बसूनच राहतो. आम्ही त्यांतले पाच दिवस घ्यायचे ठरवले.

कुठं जायचं

गणपतीपुळ्याचं नाव आधी निघालं. पण भडगावहून रत्नागिरी गाठायची म्हणजे जाण्यायेण्यातच दोन-तीन दिवस. डहाणूचाही विचार झाला, जळगावहून सुरतेकडं जाणाऱ्या लोहमार्गानं ते तसं सरळ पडतं. शेवटी अलिबाग ठरलं. रात्री चाळीसगावला गाडीत बसायचं, सव्वातीनशे किलोमीटर झोपून काढायचे, सकाळी मुंबई. गेटवेपासून लाँचनं तासाभरात मांडवा, तिथून अलिबागला बस. म्हणजे एका रात्रीच्या झोपेवर समुद्र.

आबांना अजून पूर्ण गोडी लागली नव्हती. ती लागली कुलाब्याच्या किल्ल्यामुळं. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात हा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू करवलं आणि पुढं कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं झालं. ओहोटी लागली की किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत वाळू उघडी पडते आणि माणूस पायी जाऊन येऊ शकतो.

"समुद्रातून पायी?" आबांनी चष्मा वर केला.

आता ओहोटी कधी असते हे कळायला हवं. नागावला एका नारळ-पोफळीच्या वाडीत घरगुती राहण्याची सोय होती, त्या घरधन्याला फोन केला. त्यांनी फार सोपा आडाखा सांगितला. तो किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चौथ असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर, म्हणजे सकाळी नऊला. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या सुमाराला ते पुरतं उतरत नाही, म्हणून पायी जायला अष्टमी टाळावी.

आबांना हा हिशेब फार आवडला. तिथी पाहून पेरणारा माणूस तो. दिनदर्शिकेवर बोट ठेवून म्हणाले, "वद्य चतुर्थी. संकष्टी. किल्ल्यात गणपती आहे म्हणतात. सकाळी नऊला ओहोटी." झालं. संकष्टीला किल्ल्यावर असायचं, त्या हिशेबानं बाकीचे दिवस मागं-पुढं लागले. मला हसू आलं. नुसता समुद्र बघायला निघालेला माणूस शेवटी देवाचं बोलावणं शोधूनच काढतो.

पोरं काय म्हणाली

धाकटा पुण्याला असतो. तो म्हणाला, "माय, असं एसटीनं, लाँचनं कशाला? डिसेंबरात मी गाडी घेऊन येतो, सगळेच जाऊ." प्रेमानंच म्हणाला. पण असं सगळे जातात तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. पोरं पाण्यात जातात आणि म्हातारी चपला आणि पिशव्या सांभाळत वाळूत बसते. मी म्हटलं, "डिसेंबरात तुम्ही जरूर जा. आम्ही आश्विनात जाऊन येतो."

थोरल्याची काळजी खरी होती. आबांना रक्तदाबाची गोळी आहे. मुंबईत गाडी चुकली तर, लाँचवर चक्कर आली तर, असे त्याचे प्रश्न. त्याच्या प्रश्नांवर आम्ही रागावलो नाही, ते एका कागदावर लिहून काढले आणि एकेकाची सोय केली. तालुक्याच्या डॉक्टरांकडून दोघांची तपासणी करून घेतली. गोळ्यांचे दोन सारखे संच केले, एक आबांच्या पिशवीत, एक माझ्या, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अडणार नाही. मोबाइल बंद पडला तर म्हणून घरचे नंबर कागदावर लिहून दोघांच्या खिशात. रेल्वेत ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळावा म्हणून वेगळा कोटा असतो, त्यासाठी आरक्षण करताना वय बरोबर लिहिलं. रेल्वेची ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, ते पैसे धरून चाललो. एसटीचं बरं आहे. पासष्टच्या पुढं पुरुषाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बाईला वयाची अटच नाही, सरसकट अर्धं. दोघं मिळून एका माणसाच्या भाड्यात.

पैसे माझे होते. म्हशीच्या दुधाचे आणि बचत गटातले. आबा म्हणाले, "लिंबाच्या पट्टीतून देतो." मी नको म्हटलं. शेताच्या पैशानं गेलं की शेत परत बोलवतं.

भाद्रपदापासून आम्ही चालण्याची सवय मुद्दाम बदलली. शेतातलं चालणं वेगळं, मऊ मातीवरचं आणि थांबत थांबत. सतत तासभर चालायची आपल्याला सवय नसते. रोज संध्याकाळी गिरणेच्या वाळूत दोघं चालू लागलो. गावातल्या बायका पहिले चार दिवस हसल्या, पाचव्या दिवशी दोघी बरोबर आल्या.

मागचंही बघितलं. म्हैस सुनेकडं. लिंबाच्या पाण्याची पाळी शेजारच्या बांधकऱ्याकडं, त्याच्या बदल्यात त्याच्या मक्याच्या मळणीला आम्ही आधीच दोन दिवस दिले होते. सावड अशी आगाऊ फेडून ठेवली की मागायला संकोच होत नाही. वेचणीच्या बायकांना थोरल्यानं सांगून ठेवलं.

आयत्या वेळी

आणि निघायच्या दोन दिवस आधी आभाळ आलं. नैऋत्येला काळं दाटलं, कापूस फुटलेला, आबांचा जीव वर-खाली. दुपारी बांधावरून आले ते ठरवूनच. "कापूस वेचाले उना नि आपन समुद्र देखाले चालनूत? लोक काय म्हनतीन? तिकीट रद्द करी टाक."

खरं सांगते, मी भांडायची तयारी ठेवली होती, पण भांडण मला सुचलंच नाही. मी जिजींच्या घराच्या भिंतीकडं बघितलं, एवढंच. आबांनीही बघितलं. पलीकडून जेठांच्या खोकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "तुम्ही थांबा. तुमचं खरं आहे, कापूस फुटला आहे. मी जाऊन येते. एकटी गेले तर भीती वाटेल, पण जाईन. मागं राहिले तर पुढं जन्मभर तुमच्यावर चिडत राहीन, ते मला नको."

ते उठून पुन्हा शेतात गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी, सहा वर्षांच्या नातवासकट, दिवे लागेपर्यंत वेचणी केली. जेवढा निघाला तेवढा घरात आणला. रात्री आबांनी आपली पिशवी स्वतः भरली. जिजी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. पिशवीत एक रिकामी बाटली ठेवत म्हणाल्या, "माले समुद्रनं पानी आनजो."

आणि समुद्र

मुंबईचं वर्णन करत नाही, ते बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. लाँच गेटवेपासून सुटली. मी समोर बघत होते. आधी जहाजं दिसत होती, डाव्या हाताला दूर डोंगर दिसत होते. मग एका बाजूला काहीच दिसेना. पाणी होतं आणि पाण्याच्या टोकाला आभाळ टेकलं होतं. गुरुजी खरं सांगत होते. मी आबांना दाखवलं. ते म्हणाले, "एवढं पाणी, आणि एक वाफा भिजवता येत नाही." मी हसले, तर त्यांनाही हसू आलं. त्या माणसाला इतकं मोकळं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

संकष्टीच्या सकाळी साडेआठला आम्ही किनाऱ्यावर होतो. रात्री जिथं लाटा आपटत होत्या तिथं ओली वाळू पसरली होती आणि माणसं किल्ल्याकडं चालत निघाली होती. मध्ये एका ठिकाणी घोट्याच्या वर पाणी लागलं. वाटेत खडक आहेत, त्यांवर शेवाळ आणि कालवं असतात. कालवांची धार सुरीसारखी असते, तेव्हा भक्तीनंसुद्धा अनवाणी जाऊ नका, पट्ट्याच्या चपला घाला.

किल्ल्याच्या तटाशी आबा बराच वेळ थांबले. दगडांत चुना नाही. मोठाले दगड नुसते एकावर एक बसवलेले. लाटेचं पाणी फटीत शिरतं आणि त्याचा जोर तिथंच मोडतो, असं एका गृहस्थांनी सांगितलं. आबा म्हणाले, "आपला दगडी बांध असाच. पाणी अडवायचं नाही, दमवायचं." आत गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं. गणपतीचं देऊळ राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. उपासाचे राजगिऱ्याचे लाडू तिथंच खाल्ले. भरती चढू लागण्याच्या आत परत फिरलो. परतीची वेळ आधी स्थानिक माणसाला विचारून ठेवावी आणि ती पाळावी. तिथीचा आडाखा हा आडाखा आहे, समुद्र काही आपला गडी नव्हे.

नागावच्या वाडीत दोन रात्री राहिलो. घरधनी बहात्तर वर्षांचे. संध्याकाळी दोन शेतकरी पडवीत बसले की काय बोलणार? आबांनी केळीबद्दल सांगितलं, त्यांनी पोफळीबद्दल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं, त्यात त्यांच्या वाडीतली निम्म्याहून अधिक झाडं पडली. आजोबांनी लावलेले नारळ एका दुपारीत आडवे झाले. आमची केळीची बाग वादळानं झोपते तेव्हा आम्ही रडतो, पण केळ वर्ष-दीड वर्षात पुन्हा उभी राहते. नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. त्या माणसानं पुढच्याच पावसाळ्यात रोपं लावली होती. आबांनी विचारलं, "या वयात?" ते म्हणाले, "वय माझं आहे, झाडाचं नाही."

त्यांच्याकडूनच चरीच्या संपाची हकिकत कळली. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ ला कुळांची सभा भरली. खोत पिकातला एवढा वाटा नेत की कसणाऱ्याच्या घरात काही उरत नसे. नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली चरीसह पंचवीस गावांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. आणि ती कसली नाही. एक हंगाम नाही, १९३९ पर्यंत. लाकूडफाटा विकून, मासे धरून माणसं जगली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

परतताना आम्ही एसटीनं पनवेलकडं निघालो. चरी पोयनाडजवळ आहे, म्हणून पोयनाड आल्यावर आबा खिडकीतून बघत राहिले. भातकापणी चालली होती. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सहा वर्षं शेतात पाऊल नाही. समोर जमीन, पाऊस पडतोय, आणि पेरायचं नाही. कसं केलं असेल?" मी म्हटलं, "आपण पाच दिवसांना घाबरलो." ते म्हणाले, "तसं म्हणू नकोस. ते भाकरीसाठी बाहेर राहिले, आपण हौसेसाठी. त्यांची बरोबरी नको." बरोबर होतं त्यांचं. पण त्यांनी पिशवीतली बाटली नीट उभी करून ठेवली.

हिशेब

आम्ही गेल्यावर तिसऱ्या रात्री गावाकडं पाऊस झाला. झाडावर फुटलेला कापूस भिजला, दीड-दोन क्विंटलची कवडी झाली. थोरला म्हणाला, "रात्रीचा पाऊस, तुम्ही असता तरी काय छत्री धरली असती?" तो समजूत घालत होता. मला माहीत आहे, आम्ही घरी असतो तर मधल्या दोन दिवसांत बायका बोलावून थोडा तरी काढला असता. तेव्हा नुकसान झालं नाही असं मी लिहिणार नाही. झालं. ते आम्ही वहीत समुद्राच्या खर्चातच मांडलं.

बाटली घेऊन जिजींकडं गेले. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारं शे," म्हणाल्या, जणू इतकी वर्षं खात्री नव्हती. मग एक थेंब जेठांच्या ओठाला लावला. जेठांनी असं तोंड वाकडं केलं की जिजी खळखळून हसल्या. जेठही हसले, अर्ध्या तोंडानं. मी त्यांना लाँच, किल्ला, वाळू, सगळं सांगितलं. दोन तास गेले.

तर भगिनींनो, जायचं असेल तर उरलेल्या दिवसांत जायचं म्हणू नका, शेतकऱ्याला दिवस उरत नाहीत. पेरणीची तारीख ठरवतो तशी ही तारीख आधी ठरवा, बाकीची कामं तिच्या अवतीभवती बसवा. घर सांभाळणाऱ्याची सावड आधी फेडा. आणि गुडघे ऐकतात तोवर निघा.

यंदा गुढीपाडव्याला नवीन पंचांग आलं, तेव्हा आबांनी आपणहून आश्विन वद्य काढून पेन्सिलीनं खूण केली. पण ती खूण आमच्यासाठी नाही. ते पाच दिवस जेठांजवळ आम्ही दोघं राहणार आहोत, भरवणं, उठवणं सगळं मी जिजींकडून शिकून घेतलं आहे. जिजींना त्यांची लेक घेऊन जाणार आहे. रामेश्वर लांब आहे, अलिबाग तरी होईल.

जिजी आधी काय म्हणाल्या असतील ते सांगायला नको. "यंदा नको, पुढलं वरीस देखूत."

मी म्हटलं, "जिजी, तिथीची पाऊणपट करून झाली आहे."